आधी पाणी, मग चौकशी

कोर्टाच्या इमारतीत त्यांना सगळे पाणीवाल्या बाई म्हणत. खरं तर बाईंचं पद चांगलं भारदस्त होतं. दारावर ‘पीडित व साक्षीदार साहाय्य कक्ष’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘व्यवस्थापक’. पण ज्याच्यावर घरफोडी, मारहाण नाहीतर त्याहून वाईट काही गुदरलंय, तो माणूस पाट्या वाचत बसतो होय? तो शिपायाला विचारायचा आणि शिपाई हाताने बोळकांडीचं टोक दाखवून म्हणायचा, “सरळ जा. पाणीवाल्या बाई असतील तिथं.”

टोकाला दोन खोल्या होत्या, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. बाहेरच्या खोलीत बाईंचं टेबल, चार खुर्च्या आणि पाण्याचा मोठा जार. आतल्या खोलीत एक जुना सोफा, आणि त्या खोलीला मागच्या आवारात उघडणारं दार. साक्षीदाराला त्या मागच्या दारानेच आणायचं, रद्दी भरायच्या गाड्या उभ्या असतात तिथून. पुढच्या दाराने आणलं, तर जिन्यातच आरोपीच्या भावाशी खांद्याला खांदा घासायचा आणि पुढची साक्ष तिथेच संपायची.

बाई स्वभावाने मुलखाच्या काळजीखोर. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात. बाईंच्या वैऱ्याला तर बिचाऱ्याला चिंतायला काही उरलेलंच नसायचं. घरातून निघताना गॅस बघायच्या, जिन्यात पोचून परत वर यायच्या, कुलूप ओढून बघायच्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “जगातले सगळे अपघात घडायच्या आधी आमच्या घरी कळवतात. मंडळी परवानगी देतात, मग घडतात.” बाई चिडायच्या. पण खरं सांगायचं, तर हा घोरच त्यांचा धंदा होता. जिन्यात कोण भेटेल, संडास कुठल्या बाजूला आहे, साक्षीदार रिकाम्या पोटी आलाय का, याची काळजी कुणीतरी करायलाच हवी. वकील कायद्याची करतात, पोलीस पुराव्याची करतात. घाबरलेल्या माणसाची करायला बाई होत्या.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. तारखेच्या आधी एकदा साक्षीदाराला रिकाम्या कोर्टात न्यायचं. ही तुझी खुर्ची, हे साहेब बसतात ते, हा आरोपीचा पिंजरा. “उत्तर देताना साहेबांकडे बघायचं, नाहीतर समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. पिंजऱ्याकडे नाही आणि मागच्या बाकांकडे तर अजिबात नाही.” दुसरं म्हणजे, खोलीत केसवर अवाक्षर काढायचं नाही. हवेवर बोला, सासूवर बोला, गुडघेदुखीवर बोला. पण काय पाहिलं, कोण होतं, हे कोर्टाबाहेर तोंडातून निघता कामा नये. नाहीतर समोरचा वकील उभा राहून म्हणतो, हा साक्षीदार म्हणजे पढवून आणलेला पोपट आहे.

आणि तिसरी गोष्ट कुठल्याही नियमावलीत नव्हती, ती बाईंची स्वतःची होती. आधी पाणी, मग खुर्ची, मग चौकशी. रडणाऱ्या माणसाला पाणी देण्याआधी बाई कधी काही विचारत नसत.

त्याला कारण होतं. बाई शाळेत असताना वडिलांच्या सायकलच्या दुकानात चोर शिरले आणि त्यांनी वडिलांच्या डोक्यात सळई घातली. आई साक्षीला गेली, बरोबर पिशवी धरायला ही मुलगी. उभं राहून राहून आईला घेरी यायला लागली, तेव्हा तिने टेबलाशी बसलेल्या कारकुनाकडे पाणी मागितलं. त्याने मान वर न करता विचारलं, “आधी सांगा, केस कुठली? कुणाकडच्या तुम्ही?” आई सांगायला लागली आणि सांगता सांगता फरशीवर कोसळली. पुढे आयुष्यभर आई एकच म्हणायची, “पाण्याला कसली आलीय बाजू?” ते वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. वाईट सवयी माणसाला गोत्यात आणतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चांगल्या सवयीही आणतात, हे बाईंना फार उशिरा कळलं.

त्या दिवशी केस होती एका रखवालदाराची. गोदामाच्या फाटकावर बसणारा साधा माणूस, नाकासमोर चालणारा. संध्याकाळी अंधार पडताना कुणीतरी मागून येऊन त्याला लोखंडी पाइपने मारलं. त्याचा एक डोळा गेला. बाईंच्या नवऱ्याने त्याला एका बाजूला काळी काच घातलेला चष्मा करून दिला होता, आणि तो घातला की रखवालदार स्वतःच म्हणायचा, “आता मी अर्धा दिवस झोपतो, अर्धा दिवस जागतो.” पण मारणाऱ्याचा चेहरा त्याने पाहिलाच नव्हता. पाहिला होता समोरच्या औषधांच्या दुकानातल्या मुलीने. शटर अर्धं ओढलेलं असताना, दुकानाच्या दिव्याच्या उजेडात. तिच्यावाचून केसमध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

आणि ही मुलगी घाबरून अर्धी झाली होती. बाईंकडे पहिल्यांदा आली, तेव्हाच तिने सांगितलं, “बाई, रोज दुकान बंद करायच्या वेळी समोर कुणीतरी उभं असतं. डोक्यावरून शाल. करड्या रंगाची, काठाला विटकरी पट्टा. बोलत नाही, जवळ येत नाही. नुसतं बघत राहतं. मी नाही येणार साक्षीला.”

बाईंनी पोलिसांना कळवलं. पोलीस एका संध्याकाळी येऊन उभा राहिला, त्या संध्याकाळी शाल आली नाही. पोलीस गेला, शाल परत आली. बाईंची झोप उडाली. तीनदा त्या मुलीच्या घरी गेल्या, तिच्या आईसमोर बसल्या आणि शेवटी जे कधी देऊ नये ते देऊन बसल्या: शब्द. “त्यांच्याकडचं एकही माणूस तुझ्या नजरेला पडणार नाही. कोर्टात शिरेपर्यंत तू माझ्या खोलीत. हा माझा शब्द आहे.” मुलगी नखं कुरतडता कुरतडता म्हणाली, “तुमच्या शब्दावर येते. दुसऱ्या कुणाच्या नाही.”

त्या सकाळी बाईंनी मुलीला मागच्या दाराने आत आणलं, आतल्या खोलीत सोफ्यावर बसवलं, मधलं दार लोटून घेतलं. पुकारा कधी होणार ते बघायला त्या बाहेर पडल्या. आणखी एक काळजी होती ती रखवालदाराच्या बहिणीची. ती लांबून यायची होती, फोनवर सारखी रडत होती, बाईंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ‘आल्या आल्या मला भेटा,’ एवढं बजावून ठेवलं होतं.

बोळकांडीत, कोर्टाच्या दाराजवळ, भिंतीला टेकून एक बाई रडत होती. साठीच्या आसपासची. आवाज न करता रडत होती, तोंडात पदराचा बोळा धरून, आणि पाय असे लटपटत होते की आता पडते की मग. एका चपलेचा अंगठा तुटलेला. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते.

बाईंनी पुढचा-मागचा विचार केला नाही. खोटं कशाला बोला, विचार त्या कधीच करत नसत अशा वेळी. त्यांचे हातच विचार करायचे. काखेत हात घातला, “चला, आधी बसा माझ्याकडे,” म्हणाल्या आणि तिला खोलीत घेऊन आल्या. अंगावरची शाल घामाने ओली झाली होती, ती काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. जारमधून ग्लास भरून हातात दिला. “सावकाश प्या. इथं कुणी काही विचारणार नाही तुम्हाला. भावाचं दुःख मोठंच असतं.”

त्या बाईने अर्धा ग्लास प्यायला आणि मान हलवली. “भाऊ नाही हो. मुलगा. माझा मुलगा आहे आत, पिंजऱ्यात.”

बाईंच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मधलं दार उघडलं. आतल्या मुलीला कुणाचं तरी रडणं ऐकू आलं होतं. ती दारात उभी होती, पण त्या बाईकडे बघत नव्हती. ती खुर्चीच्या पाठीकडे बघत होती. तेव्हा कुठे बाईंना दिसलं: करडी शाल, काठाला विटकरी पट्टा. आत्ताच आपल्या हाताने काढून तिथे टाकली होती.

“तुम्ही शब्द दिला होता,” मुलगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

आरोपीची आई धडपडत उभी राहिली. “पोरी, घाबरू नकोस गं. मी तुला भीती घालायला नव्हते येत. देवाशपथ. मला एकच विचारायचं होतं. जीभच उचलायची नाही.” तिने ग्लास टेबलावर ठेवला, तो कलंडता कलंडता राहिला. “घरात कुणी सांगत नाही मला. वकील म्हणतो, तुम्ही म्हाताऱ्या, तुम्ही लक्ष घालू नका. मुलगा स्वतः माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तू पाहिलंस ना? त्यानं खरंच केलं का, एवढं सांग. मग मी जाते.”

मुलीचे ओठ हलले.

“नाही!” बाई ओरडल्या. आपल्याच खोलीत त्या पहिल्यांदा ओरडल्या होत्या. “एक अक्षर बोलायचं नाही. दोघींनीही. इथं नाही.” त्यांनी शाल उचलून त्या बाईच्या खांद्यावर टाकली, तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि बोळकांडीतल्या बाकावर बसवलं. परत आल्या, तोवर मुलीने पर्स खांद्याला लावली होती आणि मागच्या दाराची कडी काढली होती.

साक्षीदाराला धरून ठेवायचा अधिकार बाईंना नव्हता. असता तरी त्यांनी धरलं नसतं. “जायचं असेल तर जा,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे. मी त्यांना ओळखलं नाही, विचारलं नाही, हाताला धरून आणलं. तुझा काही दोष नाही. पण हे मला वकीलसाहेबांना सांगायला लागेल.”

“कशाला?” मुलगी गर्रकन वळली. “कुणी पाहिलंय? तुम्ही सांगितलंत की तारीख पुढे जाणार. मग परत ते उभं राहणं, परत ते सगळं. मी पुढच्या तारखेला येणार नाही, बाई. आजच काय ते.”

इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर मुलगी हातची जाणार, तिच्याबरोबर केस जाणार आणि त्या अर्ध्या काळ्या चष्म्याला कुणी वाली उरणार नाही. सांगितलं नाही, तर? बाईंच्या मनाने लगेच पुढचं सगळं उभं केलं, त्यात ते तरबेजच होतं. आई ती. आज ना उद्या आपल्या वकिलाला बोलणारच, की मी त्या मुलीला भेटले, पाणीवाल्या बाईंच्या खोलीत. मग साक्ष तर जाईलच, पण ही मुलगी खोटारडी ठरेल. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. बाई म्हणाल्या, “मी सांगणार. तू थांबलीस किंवा गेलीस, तरी.”

मुलगी कडीला हात लावून उभी राहिली. मागच्या आवारात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गेला.

“तिला खरंच माहीत नाहीये?” तिने विचारलं.

“त्यावर मला इथं बोलता येत नाही, बाळा.”

“मला वाटायचं, मला घाबरवायला उभी राहते,” मुलगी स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली. “तिचीच टरकलेली होती.” ती परत येऊन सोफ्याच्या काठावर बसली. पर्स मात्र तिने मांडीवरून काढली नाही.

सरकारी वकिलाने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “बाई, आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात. माझ्याही पायावर मारलात!” पण माणूस सरळ होता. त्याने जाऊन न्यायाधीशांना जसंच्या तसं सांगितलं. व्हायचं तेच झालं. आरोपीचा वकील ताडकन उठला. “साहेब, आरोपीची आई आणि साक्षीदार एकाच खोलीत! त्या कक्षात काय शिजलं, ते कोर्टाला कळलं पाहिजे.”

न्यायाधीशांनी बाईंना उभं केलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना जी खुर्ची दाखवली, तिच्याशेजारी बाई पहिल्यांदा स्वतः उभ्या होत्या. त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, कारकुनी भाषेत नाही, जसं घडलं तसं.

“नाव-गाव न विचारता तुम्ही त्यांना आत घेतलंत?”

“हो, साहेब.”

“का?”

“रडत होत्या,” बाई म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. “तुमची कळकळ कोर्टाला ठाऊक आहे. पण तुमच्या दयेपायी आज एक खटला बुडाला असता. यापुढे तुमच्या दारात आधी विचारायचं, कुणाकडचे. मग आत. रडणारा असो की हसणारा.” बाईंनी मान डोलावली. डोळे भरून आले होते, पण पुसायची लाज वाटली. पन्नाशी उलटल्यावर चारचौघांत बोलणी खायची, आणि बोलणाऱ्याचं काही चुकत नाही, हे जास्त झोंबत होतं.

मग मुलीला बोलावलं. साहेबांनी विचारलं, पुढची तारीख हवी का. तिने मानेने नाही म्हटलं, मग आठवून मोठ्याने “नाही” म्हटलं. बाई तिच्या मागे बसल्या होत्या. खाली मांडीवर दोन्ही हात आवळून. मागच्या बाकावर करडी शाल होती; ती बाहेर गेली असती तर बरं, असं बाईंना वाटत होतं आणि असं वाटल्याबद्दल रागही येत होता.

आरोपीचा वकील पुढे झाला. “आरोपीच्या आईनं तुम्हाला त्या खोलीत काय सांगितलं? पैसे देऊ केले? धमकी दिली?”

“नाही. विचारलं.”

“काय विचारलं?”

“ह्यानं केलं का, असं विचारलं.”

वकिलाला आता थांबायचं होतं, पण सुटलेला बाण परत कसा घेणार? न्यायाधीशांनीच पुढे विचारलं, “मग तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“काहीच नाही. बाईंनी बोलू दिलं नाही. म्हणाल्या, इथं नाही.”

“मग आता इथं सांगा,” न्यायाधीश म्हणाले. “काय पाहिलंत?”

मुलीने समोरच्या ग्लासाकडे पाहिलं, बाईंनी शिकवलं होतं तसं. मग तिने मान वर केली आणि जे बाईंनी हजारदा बजावून सांगितलं होतं ते सगळं मोडलं. ती वळली. पिंजऱ्याकडे नाही, मागच्या बाकाकडे. आणि त्या आईच्या डोळ्यांत बघत तिने सगळं सांगितलं: शटर कसं अर्धं खाली होतं, पाइप कुठल्या हातात होता, रखवालदार पडल्यावरही तो कसा थांबला नाही, आणि पळताना दुकानाच्या दिव्यात त्याचा चेहरा कसा सगळा दिसला. सांगताना तिचा आवाज दोनदा फुटला. बोट दाखवायला सांगितलं, तेव्हाच तिने पिंजऱ्याकडे पाहिलं.

मागच्या बाकावरून हुंदका आला नाही. बाईंनी वळून बघायचं धाडस केलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मुलीला तिची आई मागच्या दाराने घेऊन गेली. जाताना मुलीने बाईंचा हात घट्ट दाबला. रखवालदार काळी काच पुसत बसला होता. निकाल काय लागेल, कोण जाणे. आरोपीचा वकील अजून पुष्कळ फाटे फोडणार होता. बाईंना ते सगळे फाटे आत्तापासूनच दिसायला लागले होते. उद्या वरून खुलासा मागतील. कक्ष बंद करा म्हणतील. नवरा म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? आणि खरंच, त्याने सांगितलं नव्हतं.

बोळकांडी रिकामी झाली होती. बाकावर ती एकटीच बसली होती. आता रडत नव्हती. तुटक्या चपलेचा अंगठा बोटाने जागेवर बसवायचा प्रयत्न करत होती, आणि तो बसत नव्हता.

बाई आपल्या दाराशी उभ्या राहिल्या. साहेबांचे शब्द अजून कानांत होते. त्यांनी जारमधून ग्लास भरला. त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या.

त्या आईने ग्लासाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “तुम्हाला सांगितलंय ना साहेबांनी? आधी विचारायचं म्हणून. मी होते आत, ऐकलं मी. विचारा की, कुणाकडची.”

“तुम्ही पाणी घ्या आधी.”

तिने ग्लास घेतला. सगळं पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि रिकामा ग्लास मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली.

“सकाळी विचारलं असतंत, तर लगेच सांगितलं असतं,” ती म्हणाली. “आता सांगता येत नाही हो मला, कुणाकडची ते.”

बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या.